बंद पडलेली बाईक स्वस्त नसते: कस्टम गाडीचा धंदा करायचाय? आधी हा हिशोब करा



"सर, शेजारच्या गावात एक आरएक्स १०० पडून आहे. इंजिन बंद आहे, पण बाकी गाडी ओके आहे. मालक वीस हजार म्हणतोय. घेऊन टाकू का? मस्त कस्टम करतो आणि विकतो."

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्यावर एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. कधी आरएक्सच्या जागी जुनी बुलेट असते, कधी येझदी, कधी राजदूत. विचारणाऱ्याचं वय बावीस ते तीस, हाताला थोडंफार मेकॅनिकचं काम येतं, खात्यावर चाळीस-पन्नास हजार जमलेले असतात आणि डोक्यात स्वतःच्या गॅरेजचा बोर्ड तयार असतो. हे सगळं चांगलंच आहे. मला अशी मुलं-मुली आवडतात.

पण माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमची ही पहिली गाडी असेल तर विकत घेऊ नका. पहिली गाडी गिऱ्हाइकाची करा. दुसरी किंवा तिसरी असेल तर घ्या, पण मालकाने सांगितलेल्या किमतीला नाही. तुमच्या हिशोबातून जी किंमत निघेल त्याच किमतीला घ्या. हिशोबात बसत नसेल तर नमस्कार करून परत या.

आता हे असं का, ते नीट बघू.

बंद गाडीची किंमत कोण ठरवतं?

आपल्याकडे एक म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बंद गाडी म्हणजे ही कोंबडी. वीस हजार ऐकलं की आपल्याला वाटतं, चालू गाडी साठ-सत्तरला जाते आणि ही वीसला मिळतेय, म्हणजे चाळीस-पन्नास हजार सुटले! हा हिशोबच चुकीचा आहे. वीस हजार ही गाडीची किंमत नाही, तो फक्त पहिला हप्ता आहे. पुढचे हप्ते टर्नर, पेंटर, स्पेअर पार्टवाला आणि आरटीओ घेणार आहेत.

म्हणून हिशोब मालकाच्या किमतीपासून सुरू करायचाच नाही. शेवटून सुरू करायचा. तयार गाडी कोण घेणार आणि किती रुपयांना घेणार, तिथून मागे यायचं. सगळा खर्च, तुमची मजुरी आणि तुमचा नफा वजा केल्यावर जो आकडा उरतो, तेवढीच त्या बंद गाडीची तुमच्यासाठी किंमत. मालकाला ती पटो न पटो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावातले भाव तुम्ही स्वतः विचारून भरा. समजा तयार गाडी ८५,००० रुपयांना जाईल.

- इंजिन: बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट आणि टर्नरची मजुरी: १४,०००
- वायरिंग, कॉइल, कार्ब्युरेटर, बॅटरी: ६,०००
- टायर-ट्यूब, ब्रेक, चेन-स्प्रॉकेट, केबल: ८,५००
- पेंट, प्लेटिंग, सीट: ११,०००
- आरटीओ, इन्शुरन्स, नंबरप्लेट: ७,५००
- टेम्पोने आणणं-नेणं: १,५००

बेरीज झाली ४८,५००. आता यात न दिसणारा खर्च धरा, निदान वीस टक्के. बंद गाडी उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे ९,७०० अजून. झाले ५८,२००.

आता तुमचे तास. बहुतेक जण इथेच स्वतःला फसवतात. "मजुरी कसली, मीच तर करणार आहे!" अहो, तुम्ही करणार आहात म्हणूनच मजुरी धरायची. तेवढ्या वेळात तुम्ही दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम केलं असतं तर पैसे मिळालेच असते ना? ७० तास धरू, तासाला १२० रुपये. झाले ८,४००. एकूण ६६,६००.

आणि धंद्याचा नफा १०,०००. मजुरी ही तुमच्या हाताची, नफा हा तुमच्या जोखमीचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एकाच खिशात जात असल्या तरी. आता एकूण झालं ७६,६००.

८५,००० मधून ७६,६०० वजा केले की उरतात ८,४००.

म्हणजे ज्या गाडीला मालक वीस हजार म्हणतोय, ती तुम्हाला ८,४०० च्या वर परवडत नाही. वीसला घेतली तर ११,६०० रुपये जास्त गेले. त्यात तुमचा सगळा नफा गेला आणि वर १,६०० रुपयांची मजुरीही गेली. आत काहीच वाईट निघालं नाही तर त्या ९,७०० मधले काही वाचतील, खरंय. पण निघालं तर? आणि गिऱ्हाईक ८५ ऐवजी ७५ म्हणालं तर? दोन-तीन महिने राबून तुम्ही घरचे पैसे घातलेले असतील, आणि लोक मात्र म्हणतील, वा, काय गाडी बनवलीस!

वाहवा घरी नेता येते, पण तिच्यावर किराणा येत नाही.

इंजिन मेलं तरी चालेल, कागद मेलेला नको

बंद गाडी बघायला गेलात की सगळे आधी इंजिनजवळ बसतात. तुम्ही आधी कागद मागा. इंजिन कितीही खराब असलं तरी पैसे टाकून नीट होतं. कागद नसेल तर लाख रुपये टाकूनही गाडी रस्त्यावर येत नाही.

हे बघायचं:

पहिलं, आरसी कुणाच्या नावावर आहे? आणि तो माणूस समोर आहे का? "तीन हात फिरून आलीय, टीटी फॉर्मवर सह्या आहेत" असं कुणी म्हणालं की उठा. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही हवी, ती त्याने तुमच्या समोर केलेली हवी, आणि ओळखपत्राची प्रत हवी. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२ आणि लिलावाचे कागद. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. यातलं जे नसेल ते आणण्याचं काम विकणाऱ्याचं. तुम्ही अंगावर घेऊ नका.

दुसरं, नंबर. चेसिस नंबर बहुतेक बाईकवर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर. रॉकेलच्या फडक्याने पुसा, टॉर्च मारा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. घासलेला, परत पंच केलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला नंबर दिसला तर भाव विचारूच नका. चोरीची गाडी चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. घासलेला नंबर डोळ्यांनी बघून गाडी घेतलीत, तर "मला माहीत नव्हतं" म्हणायला तोंड राहत नाही. शंका आली तर एनसीआरबीच्या पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात खात्री करा, त्यात लाजायचं काही नाही.

तिसरं, आरसीची मुदत. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओला तपासायला दाखवावी लागते. इथे मेख आहे. बंद गाडी तपासणीला जाऊ शकत नाही. म्हणजे आधी सगळा पैसा घालून गाडी चालू करायची, मग तिचं नूतनीकरण होणार. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी २,००० झाली. वर पर्यावरण कर. शिवाय उशिराबद्दल दुचाकीला महिन्याला ३०० रुपयांची तरतूद आहे. पाच वर्षं मुदत उलटलेली असेल तर ६० महिने गुणिले ३००, म्हणजे १८,००० रुपये! म्हणून गाडी घेण्याआधी नंबर घेऊन आरटीओत जा आणि "या गाडीला एकूण किती भरावे लागतील" हे विचारून लिहून आणा. वरच्या उदाहरणात मी ७,५०० धरलेत, ते मुदत नुकतीच संपलेली आहे असं समजून. जुनी थकबाकी असेल तर तो हिशोब तिथेच कोसळला.

"कस्टम" म्हणजे नक्की काय विकणार आहात?

आता जरा कडू बोलतो. इन्स्टाग्रामवर ज्या कस्टम गाड्या दिसतात, फ्रेम कापलेली, मागचा मडगार्ड गायब, टायर ट्रॅक्टरसारखे, सायलेन्सर उघडा, त्या बघून तुम्हाला स्फूर्ती आलीय. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, "सर, रस्त्यावर हजारो फिरतायत." फिरतायत. पण ते त्यांच्या गाड्या फिरवतायत, तुम्ही धंदा करणार आहात. तुमच्या गिऱ्हाइकाला नाक्यावर अडवलं की तो दंडाची पावती घेऊन तुमच्याच दारात येणार. अपघात झाला आणि इन्शुरन्स कंपनीने बदलांकडे बोट दाखवून क्लेम अडवला, तर तो पहिलं नाव तुमचं घेणार. आपल्या तालुक्याच्या गावात एक गिऱ्हाईक नाराज झालं की दहा तुटतात.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. फ्रेम कापायचा धंदा करू नका, गाडी मूळ रूपात आणण्याचा करा. फ्रेम तीच, त्याच मेक-मॉडेलचं इंजिन, सायलेन्सर कंपनीसारखा, लाईट-इंडिकेटर-आरसे जागेवर. आणि कलाकारी दाखवायची ती पेंटमध्ये, सीटच्या शिलाईत, पॉलिशमध्ये, मीटरच्या डायलमध्ये, टूलबॉक्सच्या चामड्याच्या पट्ट्यात. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या, तेवढं केलं की झालं. वडिलांची येझदी पुन्हा होती तशी करून हवीय, असं म्हणणारा पन्नाशीचा माणूस पैसे मोजताना घासाघीस कमी करतो. त्याला गाडी नको असते, त्याला वडील आठवायचे असतात. वीस वर्षांच्या मुलाला मात्र सायलेन्सरचा आवाज हवा असतो, तोही उधारीवर.

ज्यांना खरोखर तोडफोड करून कलाकृती बनवायची आहे त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे. कॅफे, ढाबे, शोरूम यांना सजावटीसाठी उभी गाडी लागते. ती रस्त्यावर जाणारच नाही, त्यामुळे इंजिन चालू करायचा खर्च नाही. पण तिथेही गाडी कायदेशीर घेतल्याची पावती हवी आणि ती रस्त्यावर वापरणार नाही हे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायला हवं.

गाडीजवळ उभे असताना काय बघाल?

समजा कागद नीट आहेत. आता इंजिनकडे या. सोबत प्लग पाना, टॉर्च, थोडं ऑइल आणि एक जाणता मिस्त्री घेऊन जा. मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आलेला मिस्त्री "घे रे, होईल" म्हणतो. पैसे घेतलेला नीट बघतो.

किक हाताने दाबा. तीन शक्यता असतात. किक दाब देते आणि खाली जाते, म्हणजे कॉम्प्रेशन आहे, आशा आहे. अगदी हलकी पडते, म्हणजे रिंग, पिस्टन किंवा फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्ह गेलेत. अजिबात हलत नाही, म्हणजे इंजिन जाम. जाम असेल तर प्लग काढून थोडं ऑइल सोडा, टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूच पुढे-मागे करा. सुटलं तर ठीक. नाही सुटलं, किंवा मालक प्लग काढू देत नसेल, तर ते जाम इंजिनच समजायचं आणि तसाच भाव लावायचा.

"चालू होती, फक्त बॅटरी गेलीय" हे वाक्य तुम्ही हमखास ऐकाल. आरएक्स १०० ला चालू व्हायला बॅटरी लागतच नाही, तिचं इग्निशन मॅग्नेटवर चालतं. मग हसून म्हणा, "काका, मग एक किक मारून दाखवा ना." उत्तर तिथेच मिळतं.

किती वर्षं उभी आहे आणि कुठे, हे शेजाऱ्यांना विचारा. छपराखाली दोन वर्षं आणि उघड्यावर दोन पावसाळे यात मोठा फरक आहे. टू-स्ट्रोकमध्ये वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील कडक होतात, बेअरिंगला गंज धरतो. फोर-स्ट्रोकचा ऑइल बोल्ट थोडा सैल करा, ऑइल चहासारखं पांढुरकं आलं तर आत पाणी गेलंय. टाकीत टॉर्च मारा. गंजाचे पापुद्रे दिसले तर टाकीचा खर्च वेगळा.

बोअर आधी किती वेळा मारलाय हे विचारा. आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटर. पुढे पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात, गॅरेजच्या भाषेत २५, ५०, ७५, १००. बोअर "शंभर"वर गेला असेल तर पुढे नवीन स्लीव्ह किंवा ब्लॉकच. टर्नरकडे गेल्यावर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

मग फ्रेम. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का, मानेजवळ तडा किंवा नवं वेल्डिंग आहे का, शॉकअपच्या नळ्यांना गंजाचे खड्डे आहेत का. वाकलेली फ्रेम म्हणजे अपघात झालेली गाडी. तिचा सौदा करू नका.

आणि शेवटचं, इंजिन पोत्यात भरून दिलं तर? म्हणजे कुणीतरी खोललं आणि तसंच सोडलं. अशी गाडी घ्यायचीच नाही हा माझा नियम आहे. पोत्यात काय आहे ते दिसतं, काय नाही ते दिसत नाही. आणि जे नसतं तेच बाजारात मिळत नाही.

पार्टच्या उपलब्धतेचंही तसंच. आरएक्स १०० चं उत्पादन १९८५ ते १९९६ पर्यंत झालं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखानाही १९९६ मध्येच बंद झाला. या गाड्यांचे काही पार्ट मिळतात, काही डुप्लिकेट मिळतात, काहींसाठी पुण्याच्या नाना पेठेपासून जुन्या बाजारापर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवस. याउलट जुन्या स्प्लेंडरचे पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात. ग्लॅमर कमी, पण काम थांबत नाही. नवशिक्याने ग्लॅमरपेक्षा न थांबणारं काम निवडावं, असं मला वाटतं.

मग पहिली गाडी गिऱ्हाइकाची का?

परत त्या उदाहरणाकडे या. तीच आरएक्स, पण आता ती गिऱ्हाइकाची आहे. त्याच्या घरी उभी आहे, त्याला ती चालू करून हवी आहे. तुम्ही काय घेणार? पार्ट बिलाप्रमाणे. टर्नर, पेंटरचे पैसे बिलाप्रमाणे. आणि तुमचे? मजुरी ८,४०० अधिक नफा १०,०००, म्हणजे १८,४००. आकडा तोच! फरक एवढाच की गाडी विकली जाईल का, याची काळजी तुमच्या डोक्यावर नाही. आत क्रँक खराब निघाला तर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा, "हे वाढीव पाच हजार, करू का?" असं लिहून विचारा, हो आलं की करा. न दिसणारा खर्च तुमच्या खिशातून जात नाही. कागद अपुरे असतील तर ते त्याने पूर्ण करायचे. आणि तुमचे चाळीस हजार खात्यातच राहतात, त्यातून चांगले पाने, पुलर, मल्टिमीटर येतात. एका बंद गाडीत अडकलेला पैसा भाडं मागत नाही म्हणून कळत नाही, पण तो रोज झिजत असतो.

नियम तीनच ठेवा. एक, काम सुरू करण्याआधी पार्टच्या अंदाजाइतका अॅडव्हान्स. दोन, जॉब कार्डवर गाडीचा नंबर, किलोमीटर, काय आहे, काय नाही, सगळं लिहून गिऱ्हाइकाची सही. तीन, काम टप्प्याटप्प्यात, प्रत्येक टप्प्याला फोटो आणि पैसे. पैसे थांबले की काम थांबलं. यात वाईट वाटून घेऊ नका. दुकानदार पैसे घेतल्याशिवाय साखर देत नाही, मग तुम्ही इंजिन का द्यायचं?

अशा दोन गाड्या केल्या की तुमच्याकडे खरे आकडे येतात. माझे नाहीत, तुमचे. तुमच्या टर्नरचा रेट, पेंटर किती दिवस लावतो, तुम्हाला खरोखर किती तास लागतात. माझा अनुभव असा की पहिल्या गाडीला ठरवलेल्या तासांच्या दुप्पट लागतात. ते दुप्पट तास गिऱ्हाइकाच्या गाडीवर गेले तर फक्त वेळ गेला. स्वतःच्या गाडीवर गेले तर वेळ आणि पैसा दोन्ही.

"पण सर, व्हिडिओत तर लोक कमावतायत..."

मी स्वतः व्हिडिओ बनवतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो. भंगारातली गाडी बारा मिनिटांत चकाचक होते, त्या बारा मिनिटांच्या मागे तीन महिने असतात. आणि त्या माणसाची कमाई गाडीतून होतेय की व्हिडिओतून, हे त्याने सांगितलेलं नसतं. त्याची गाडी तोट्यात गेली तरी व्हिडिओ चालला तर तो नफ्यात. तुमच्याकडे तो दुसरा गल्ला आहे का? नसेल तर त्याचा हिशोब तुम्हाला लागू नाही.

आणि शिकायला म्हणून घ्यायची असेल तर? जरूर घ्या! पाच-सात हजारांची, कागद नीट असलेली, साधी शंभर सीसीची गाडी घ्या, खोला, बांधा, परत खोला. पण त्या पैशाला फी म्हणा, भांडवल म्हणू नका. फी परत येत नसते, तिच्याबदल्यात हात तयार होतो. घरच्यांनाही तसंच सांगा, म्हणजे सहा महिन्यांनी "कुठाय नफा?" असं कुणी विचारणार नाही.

कधी घ्यायची, तेही ऐका

मी कायमचं नाही म्हणत नाहीये. या पाच गोष्टी जुळल्या तर बंद गाडी नक्की घ्या:

१. मूळ मालक समोर आहे, आरसी आहे, नंबर जुळतायत आणि आरटीओचा एकूण खर्च विचारून झालाय.
२. इंजिन फिरतंय, किंवा जाम आहे असं धरूनच भाव ठरलाय.
३. तयार गाडी घेणारा माणूस ठरलाय आणि त्याने अॅडव्हान्स दिलाय. "कुणीतरी घेईलच" हे गिऱ्हाईक नव्हे.
४. शेवटून केलेल्या हिशोबातून आलेल्या किमतीच्या आत सौदा होतोय.
५. या मॉडेलची निदान एक गाडी तुम्ही आधी दुसऱ्याची करून दिली आहे.

चार जुळल्या आणि एक नाही, तर थांबा. बंद गाडी दहा वर्षं उभी होती, अजून दोन महिने उभी राहील. "आजच घे, उद्या दुसरा नेईल" असं म्हणणाऱ्याला म्हणा, नेऊ द्या.

गाडी घेतलीत तर ती लगेच नावावर करा, आणि विकलीत तर गिऱ्हाइकाच्या नावावर झाल्याशिवाय सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईत आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. गाडी विकून तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटेल, पण नोंद तुमच्याच नावावर असेल. आणि गाड्या घेऊन विकणं हाच नेहमीचा धंदा करायचा ठरला, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, तेही करून घ्या. सुरुवातीलाच सरळ मार्गाने गेलात की पुढे बँक कर्ज देताना तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

आता एक काम करा. ज्या गाडीवर तुमचा डोळा आहे तिचा नंबर एका कागदावर लिहा. त्याखाली तयार गाडीची किंमत, आणि ती देणाऱ्या माणसाचं नाव. नाव लिहिता आलं नाही तर गाडीच्या मालकाला आज फोन करू नका. त्याऐवजी ओळखीतल्या दहा जणांना करा आणि विचारा, "तुमच्या घरी एखादी जुनी गाडी उभी आहे का, चालू करून देतो." दहातल्या एकाच्या तरी अंगणात प्लास्टिकखाली काहीतरी झाकलेलं असतंच.

तुमचा धंदा तिथून सुरू होतो. कामाला लागा, शुभेच्छा!